सतराव्या दगडाची खोळ

पिंपळदरा, ता. कारंजा (घाडगे)
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

प्रिय मोती,

सप्रेम नमस्कार. आम्ही इकडे देवाच्या कृपेने बरे आहोत. नालवाडीला तुम्हीही सगळे बरे असाल. वहिनींना नमस्कार सांग.

कापसाची शेवटची वेचणी झाली. तूर घरी आली. थंडीने नलूचा गुडघा धरतो, बाकी ठीक. मागच्या खेपेला तू विसरलेली काठी दाराआड उभी आहे. आणि माझी शेंदराची पितळी डबी तुझ्याकडे राहिली आहे. ती आईच्या वेळची आहे, म्हणून लिहिले.

फोन का केला नाही, असे तुला वाटेल. फोनवर तू मला हसवतोस आणि माझे बोलायचे राहून जाते. पाचवीत एका बाकावर बसायचो तेव्हापासून हेच चालत आले आहे.

अकरा हिवाळे आपण डोंगर हिंडलो. आपल्या आणि नागपूर जिल्ह्याच्या मधली ती धार, आणि तिच्यावर इंग्रजांच्या वेळी रोवलेले, नंबर कोरलेले हद्दीचे दगड. लोक ते विसरले, वाटा रायमुनियाच्या काटेरी झुडपांनी बुजल्या, आणि तुला मात्र त्यांचे वेड लागले. मी कोयत्याने वाट करायची, तू मागून पावले मोजत यायचे. "थांब ओम्या, इथंच असाले पाह्यजे," म्हणून तू फतकल मारायचास आणि उकरायचे मी. दगड सापडला की लहान लेकराचे नाक पुसावे तसा तू तो रुमालाने पुसायचास. असे सोळा दगड झाले. तुझे लेख पेपरात आले, वर्ध्यात तुला जाणकार म्हणू लागले. एका लेखात तू 'माझा शेतकरी मित्र ओमप्रकाश' असे लिहिले होतेस. ते कात्रण मी पोथीत ठेवले आहे.

सतरावा दगड आपल्याला सापडला नाही. मी ज्याला देव म्हणून पुजतो तोच तो, हे टोलीतल्या जंगलूबाबाने दाखवले. त्या वस्तीतली आदिवासी मंडळी त्याला त्यांच्या बोलीतल्या नावाने पुजतात, आम्ही शिवेचा मारोती म्हणतो. माझे आजोबा, वडील आणि आता मी, दर वर्षी वर जाऊन तेल-शेंदूर लावतो. शंभर वर्षांचे थर, त्यांची जाड खोळ झालेली. तुला आठवते ना, तू खिशातून चाकू काढलास आणि मी तुझे मनगट धरले.

"देव हाय तो. चाकू ठेव."

"वरून देव हाय बे, आतून नंबर हाय!"

जंगलूबाबा इतका हसला की त्याला ठसका लागला. मग म्हणाला, "गुरुजी, हात लावून पाहा. हाताले देव नाई म्हणत नाई."

खाली, जमिनीलगत, शेंदूर पातळ होता. तू डोळे मिटून बोटे फिरवलीस. "एक," म्हणालास. बोट पुढे सरकवलेस. मग "सात! ओम्या, सतरा हाय हा!" माझे बोट धरून तू त्या खाचेत फिरवलेस. मला एकाची उभी रेघ लागली, साताचे वळणही लागले. त्या दिवशी तू देवाला हात जोडलेस. तुला हात जोडताना मी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिले, आणि घरी येऊन नलूला सांगितले.

हे सगळे तुला माहीत आहे. तरी लिहितो आहे, कारण पुढचे लिहायला हात होत नाही.

चार जानेवारीला तू आलास. शनिवार होता. पेढे आणले होतेस, तुझ्या सचिनला नोकरी लागली म्हणून. मी विचारले, "कुठं लागला?" तू म्हणालास, "इकडंच, एका कंपनीत." मी पहिला पेढा देवापुढे ठेवला. भाकर आणि वांग्याचे भरीत खाऊन तू उठलास. मी कोयता घेतला तर म्हणालास, "राहू दे, वाट ठाऊक हाय मले. तू तुरीचं पाहा." आणि दारातून परत फिरून म्हणालास, "ओम्या, शेंदूर दे ना जरासा. आज मारोतीले मी लावतो."

मोती, मला किती आनंद झाला होता, तुला काय सांगू. मी आईची डबी दिली, तेल दिले, वर हळू जा असेही म्हणालो. तू गेल्यावर देवघरापुढे जाऊन बसलो. वाटले, अकरा वर्षे चाललो त्याचे फळ मिळाले.

मागच्या सोमवारी जंगलूबाबा एक कागद घेऊन आला. डोंगराच्या या उतारावर दगडाची खदान मागितली आहे, हे आता सगळ्या गावाला माहीत आहे. टोलीच्या जुन्या सरकारी निस्तारपत्रकात लिहिले आहे की जळण, चराई, मोहफूल आणि बांबू यांचा त्यांचा हक्क सतरा नंबरच्या दगडापर्यंत. दगड वर धारेवर आहे, म्हणजे अख्खा उतार त्यांचा; नंबरच नसला तर खदानीला वाट मोकळी. खदानीची चौकशी करणाऱ्या समितीने जाणकाराचे मत मागवले होते. बाबाला वाचता येत नाही. मी मोठ्याने वाचले: 'दि. ४ जानेवारी रोजी समक्ष पाहणी केली. सदर दगड हे स्थानिक देवस्थान असून त्यावर कोणताही क्रमांक अथवा सीमाचिन्ह दिसून येत नाही.' खाली तुझी सही. तुझी ती वळणदार सही मी ओळखणार नाही का?

मी दुसऱ्या दिवशी पहाटेच वर गेलो. जमिनीलगत, जिथे शेंदूर पातळ होता, तिथे बोटभर जाड नवा थर होता. तू हाताने थापून, गुळगुळीत केलेला. मी बोटे फिरवली. काही लागले नाही. तू खोटे लिहिले नाहीस, मोती. दिसत नाही हे खरेच आहे.

सचिन खदानीच्या कंपनीत लागला, हे वहिनी परवा फोनवर नलूला सहज बोलून गेल्या. त्यांना काही माहीत नसावे. मी त्यांना काही बोलणारही नाही. पोराला नोकरी हवी होती, हे मला कळते. तू माझ्याकडे येऊन रडला असतास तर मीही रडलो असतो. पण तू शेंदूर मागितलास.

आता माझेही ऐक. कागद वाचून झाल्यावर बाबाने मला विचारले, "भाऊ, तुमी बी तं बोट लावलं होतं ना तवा?" आणि मी म्हणालो, "मले आता आठवत नाई." त्याने माझ्याकडे पाहिले, कागदाची घडी केली आणि चहा न घेता गेला. पाच दिवस मला जेवण गोड लागले नाही. तुझ्यासाठी मी देवाच्या दगडाबद्दल खोटे बोललो.

काल टोलीत जाऊन त्याला खरे सांगितले. तिथे बसलेली रामबाई म्हणाली, "मंग येवडे दिवस काऊन नाई बोलले?" जंगलूबाबा एवढेच म्हणाला, "खोळ तुमीच काढा. आमी काढली तं म्हनतीन, यायनंच नंबर कोरला."

तुला माहीत आहे, शेंदराची खोळ देव आपणहून सोडतो. आजोबांच्या वेळी एकदा सोडली होती, ती वाजतगाजत नदीत शिरवली होती. वडील सांगायचे, माणसाने देवाच्या अंगाला नख लावू नये. म्हणूनच मी तुझा चाकू अडवला. त्या दिवशी अडवला नसता तर सतरा आकडा आज उघडा असता. माझ्या भक्तीचाच तू आडोसा केलास, हे मला सगळ्यात जास्त लागते.

बुधवारी माघी पौर्णिमा. मी उपास धरणार आहे आणि देवाची परवानगी मागणार आहे. गुरुवारी अकरा वाजता समिती वर येते आहे. त्यांच्यासमोर मी खोळ काढीन. शेवटचा थर कोणी लावला असे विचारले, तर नाव सांगेन. आठवत नाही, असे पुन्हा म्हणणार नाही.

वाट मी साफ करून ठेवली आहे. तुला काटे लागणार नाहीत.

सगळ्यात वरचा थर तुझा आहे. तो तुझ्या हाताने निघावा, असे मला अजून वाटते. खालचे शंभर वर्षांचे माझे मी पाहीन.

'तुझाच' लिहायला हात अडतो आहे, म्हणून नुसतेच
ओमप्रकाश

ता. क. डबी कोणाच्या हाती पाठवू नकोस. घेऊन ये.