दिवाळीपर्यंतची खुर्ची

विरार (पश्चिम),
९ जुलै २०२३

चि. ज्ञानदा हिस बाबांचे अनेक आशीर्वाद.

फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. वीस वर्षं कारखान्याच्या ऑफिसात कीबोर्ड बडवून माझं अक्षर कोंबडीचे पाय झालं आहे, आणि आता मला फळ्यावर लिहायचं आहे. तेव्हा सराव म्हणून तुला पत्र. उत्तरही हातानेच लिहायचं, ही अट.

तर, कॉलेजात निवड झाली. सेहेचाळिसाव्या वर्षी एम.कॉम., मग प्राध्यापकीची सेट परीक्षा, आणि आता पहिल्या वर्षाच्या साठ पोरांना अकाउंट्स. कुणी ‘सर’ म्हटलं की मी अजून मागे वळून बघतो, कारखान्याचे मालक उमंगशेठ आले की काय म्हणून. विभागप्रमुख कार्मिन मॅडम माझ्याहून सात वर्षांनी लहान आहेत. त्यांना मी चुकून दोनदा ‘येस सर’ म्हटलं.

तुझी आई मात्र घुश्शात आहे. पक्की नोकरी सोडून वर्षाच्या कराराची धरली, म्हणजे हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागलात, असं तिचं म्हणणं. उमंगशेठ भला माणूस. दिवाळीपर्यंत तुझी खुर्ची कुणाला देत नाही, जमलं नाही तर लाज न बाळगता परत ये, असं म्हणाले. आई या शब्दाला धरून बसली आहे. खरं सांगू, थोडासा मीही.

दापोलीत पाऊस फार असेल. कृषी विद्यापीठाच्या शेतातल्या चिखलातून येऊन ओल्या पायांनी झोपू नकोस. पत्राची वाट पाहतो, माया आहेच.

तुझा,
बाबा


दापोली,
१९ जुलै २०२३

ती. बाबांस ज्ञानदाचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. अक्षर वाचायला मला आणि रूममेट एलिसाला मिळून अर्धा तास लागला. साठ पोरांची मला आत्ताच काळजी वाटते.

बाबा, तुम्ही शिकवणार यात मला नवल नाही. दहावीला गणिताची वही तुम्ही भिंतीवर फेकली होती, पण दुसऱ्या दिवशी समजावूनही तुम्हीच सांगितलं होतं. पोरांसमोर फक्त ते पहिलं करू नका. आईला सांगा, मी दिवाळीला येते आहे आणि मला खुर्ची नको, चकल्या हव्यात.

तिला नमस्कार. लोभ आहेच, तो अक्षरापेक्षा वेगाने वाढू द्यावा.

तुमची,
ज्ञानदा


विरार (पश्चिम),
२७ ऑगस्ट २०२३

चि. ज्ञानदास आशीर्वाद.

या वेळी थट्टा नको. माझ्या हातून मोठी चूक झाली आहे.

हिशेबाच्या जर्नलमध्ये नोंद केली की तिच्याखाली कंसात एका ओळीत ती का केली ते लिहायचं असतं. त्याला नॅरेशन म्हणतात. कारखान्यात मी ते कधी लिहिलं नाही, कुणी वाचतही नाही. तेव्हा मोठ्या रुबाबात मी वर्गाला सांगितलं, की ही पुस्तकी हौस आहे, प्रत्यक्षात कुणी करत नाही, वेळ घालवू नका. पोरं खूश झाली. मागच्या आठवड्यात चाचणी झाली. पेपर कार्मिन मॅडमनी तपासले, आणि साठांपैकी अडतीस जणांचे प्रत्येक नोंदीमागे मार्क गेले. राजोडीची स्टेफी नावाची हुशार मुलगी पेपर हातात घेऊन माझ्यापुढे उभी राहिली. तिने तक्रार केली नाही, कापलेल्या मार्कांवर नुसतं बोट ठेवलं. ते फार लागलं.

आईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, दिवाळी काही लांब नाही. या खेपेला मी तिच्याशी वाद घातला नाही. तुला काय वाटतं ते कळव.

तुझा,
बाबा


दापोली,
४ सप्टेंबर २०२३

ती. बाबांस सा. न. वि. वि.

ताकाला जाऊन भांडं कशाला लपवता? ‘तुला काय वाटतं’ म्हणजे परत जाऊ का, असंच ना? मला वाटतं, जाऊ नये.

मी बांधलेली आंब्याची पहिली अकरा कलमं मेली. सरांनी बारावं बांधायला लावलं, आणि आधी माळीकाकांच्या शेजारी दोन दिवस बसवलं. मला राग आला होता, पण काकांचे हात बघितल्यावर माझं कुठे चुकतं ते कळलं. ज्यांनी मार्क कापले त्यांच्याकडेच जा. आणि पोरांना चूक तुमची होती हे स्पष्ट सांगा. रागावू नका, लहान तोंडी मोठा घास घेते आहे.

तुमच्यावर भारी माया करणारी,
ज्ञानदा


विरार (पश्चिम),
५ नोव्हेंबर २०२३

चि. ज्ञानदास अनेक आशीर्वाद.

चार दिवसांत तू येशीलच, तरी हे लिहून ठेवावंसं वाटलं.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी वर्गाला सांगितलं, की तुमचे मार्क माझ्यामुळे गेले. मग कार्मिन मॅडमकडे गेलो आणि तुमच्या तासाला बसू का, असं विचारलं. हसतील वाटलं होतं. त्यांनी वेळापत्रकच काढून हातात दिलं. तीन आठवडे मी त्यांच्या वर्गात पोरांबरोबर वही घेऊन बसलो. चाचणी पुन्हा घ्यायला त्या राजी झाल्या. शनिवारी जादा तास घेऊन मी तयारी करून घेतली, आणि या वेळी फक्त चौघे चुकले.

परवा स्टेफीने विचारलं, की उधारीवर माल विकला, पैसे आलेच नाहीत, तर विक्री आत्ताच का लिहायची. ती नोंद मी हजारो वेळा केली आहे गं, पण मला धड सांगता येईना. उद्या सांगतो म्हटलं, दोन पुस्तकं वाचली आणि दुसऱ्या दिवशी सांगितलं. तिला पटलं तेव्हा मला एवढा आनंद झाला, की मी स्टाफरूममध्ये सगळ्यांना चहा पाजला.

काल कारखान्यात गेलो. खुर्ची पुसून ठेवली होती. उमंगशेठनी कधीपासून येतोस विचारलं. मी म्हणालो, “शेठ, इथे वीस वर्षांत माझी एक नोंद चुकली नाही, आणि एकदाही कुणी मला ‘का’ म्हणून विचारलं नाही. तिथे रोज विचारतात. खुर्ची दुसऱ्या कुणाला तरी द्या.” ते उठून उभे राहिले. मग मला दारापर्यंत सोडायला आले. वीस वर्षांत कधी आले नव्हते.

घरी येऊन आईला सांगितलं. ती चकल्यांचं पीठ मळत होती. माझ्याकडे न बघता तिने एवढंच विचारलं, की सुट्टी संपल्यावर डबा किती वाजता लागेल.

सांभाळून ये. माया आहे ती राहीलच, आता भेटीत बोलू.

तुझा,
बाबा