‘हळदीतला हात’ आणि माझं निर्भीड मत

२ जानेवारी
संकल्प. यंदा फक्त नवख्या, स्वतःच पुस्तक काढणाऱ्या लेखकांचं वाचायचं आणि निर्भीड परीक्षण लिहायचं. मोठ्या प्रकाशकांना विकत घेता येणार नाही असा एक तरी माणूस हिंगोलीत हवा. आजवर कुणी विकत घ्यायला आलेलं नाही. बिचकले असणार. फेसबुकवर पेज काढलं : ‘सडेतोड स्वानंद’.

९ जानेवारी
भयकादंबरी. कनेरगाव नाक्याच्या ढाब्यावरचं भूत. परीक्षण टाकलं : ‘भीती नावालाही नाही.’ भरदुपारी वाचली. सगळी दारं उघडी ठेवली होती, ती उकाड्यामुळे. बायको म्हणाली, जानेवारीत उकाडा? संपदाला साहित्यातलं कळत नाही. ती उद्या माहेरी चाललीय; उरलेली पानं ती परत आल्यावर वाचेन.

१६ जानेवारी
ऐतिहासिक. लेखक माणिकराव, रिटायर्ड मास्तर. लिहिलं : ‘लढाईचा पत्ता नाही.’ मास्तरांची कमेंट आली, तुम्ही थांबलात त्याच्या पुढच्याच पानावर लढाई आहे. उत्तर दिलं, समीक्षकानं लढाईची वाट का बघावी? बिनतोड!

२४ जानेवारी
थ्रिलर. ‘हळदीतला हात’. मोंढ्याच्या बाजारात हळदीच्या ढिगातून प्रेताचा हात वर येतो. लेखिका शिवकन्या, कुरुंद्याची शिक्षिका. अर्ध्यातच खुनी ओळखला. एवढ्या बुद्धीच्या माणसानं पुढं वाचायचं कशाला? हेडिंग दिलं : ‘खुनी मामाच!’

२५ जानेवारी
पोस्ट जिल्हाभर फिरतेय. शिवकन्येचा फोन.
“सर, तुमी काहून असं लिहिलं? मामा खुनी न्हाई. दुसरा खून त्याचाच होतो की!”
मी म्हणालो, दुसरा खून मी गृहीत धरलेला नाही.
“तीन वर्षं लिहून राहिले होते मी. आता लोक म्हणतात, खुनी कळलाय, वाचून काय करू?”
समीक्षा स्वतंत्र असते, असं ठणकावलं. मग लगेच फोन ठेवून दिला. हा नवा मोबाइल जड आहे.

२८ जानेवारी
संपदानं पुस्तक एका बैठकीत संपवलं. म्हणते, त्या बाईंची माफी मागा. साफ नकार दिला. माझा मामा लेखिकेच्या खुन्यापेक्षा जास्त पटतो. संपदा बोलत नाही. शांतता लेखनाला पोषक.

३ फेब्रुवारी
वाचनालयात ‘हळदीतला हात’वर चर्चा आहे. मला वक्ता म्हणून बोलावलंय! शेवटी दखल घ्यावीच लागली. भाषण तयार. माघार नाही.

८ फेब्रुवारी
हॉल भरलेला. मी ठासून सांगितलं, खुनी मामाच. पुढच्या रांगेतल्या जमनाबाई नावाच्या आजी उठल्या.
“मेलेल्या माणसानं तिसरा खून कसा केला, बाबा?”
तिसराही आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं. हॉल हसत सुटला. मी पाणी प्यालो. पुन्हा प्यालो. मग शिवकन्या उठली. आता ही आपली सालटी काढणार, म्हणून मी तयारीत बसलो. तिनं माइक घेतला.
“हसू नका. सरांनी निदान अर्धं तरी वाचलं. माझ्या घरी अजून कुणी उघडलं सुदीक न्हाई.”
माझ्याकडे तीन मुद्दे शिल्लक होते. मांडले नाहीत.

९ फेब्रुवारी
रविवार. उरलेलं अर्धं वाचलं. चहा दोनदा गार झाला. संपदानं काही न विचारता दोनदा गरम करून दिला.
संध्याकाळी शिवकन्येला फोन लावला. म्हणालो, पूर्ण वाचलं. शेवट जमलाय. माझं चुकलं, तसं पेजवर लिहितोय.
तिनं हळूच विचारलं, “सर, खरं सांगा. खुनी आधी कळला का?”
न्हाई, म्हणालो.