भिंतीवरचा पीअर्स

थॉर्नवेल, नोव्हेंबर १५४७

प्रिय थॉमसिनताईस,
गिल्बर्टचा स. न. वि. वि.

लोकरीच्या गाडीवानाकडे दिलेलं तुझं पत्र आणि खारवलेले हेरिंग पोचले. मासे आईनं शेजारीपाजारी वाटून टाकले. माझ्या वाट्याला वास तेवढा आला. तिची तब्येत बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण माझ्यावर कुरकुर त्याहून जास्त चालते.

आता काळजीचं. लंडनहून हुकूम निघालाय की चर्चच्या भिंतींवरचे सगळे संत झाकून टाकायचे. राजा म्हणजे दहा वर्षांचं पोर, पण त्याच्या नावानं हुकूम सोडणारे चांगले दाढीमिशीवाले आहेत. गावात रंगारी मी एकटाच, त्यामुळे काम माझ्याच गळ्यात येणार. खरं सांगू का ताई, धर्माच्या नव्या चालीतलं बरंच मला पटतं. शुभवर्तमान आपल्या भाषेत ऐकलं तेव्हा पहिल्यांदाच त्यातलं काही कळलं. पण दारासमोरच्या संत ख्रिस्तोफरचं काय करू? पीअर्स गिरणीच्या ओढ्यात बुडाला, त्याच वर्षी बाबांनी त्या संताला आपल्या पीअर्सचं तोंड दिलं. भर पाण्यात उभा आहे, खांद्यावर बाळ येशू आहे, आणि बुडत नाही. त्याचं दर्शन घेतलं की त्या दिवशी अवचित मरण येत नाही म्हणून गाव डोकावून जातो. आई मात्र लेकाला बघायला जाते, रोज. तिला अजून काही सांगितलेलं नाही. काय करू ते लिही.

भावोजींना नमस्कार. माया आहे तशी राहू दे.
तुझा गिल्बर्ट

नॉर्विच, डिसेंबर १५४७

चि. गिल्बर्टास,
थॉमसिनचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि माग तसाच सोडून उठले. यांनी विचारलं, कोण गेलं? काय सांगणार, जो कधीच गेलाय तोच पुन्हा जातोय.

नीट ऐक. चुना मारू नकोस. चुना एकदा भिंतीत मुरला की सुटायचा नाही. खडूत सरस कालव आणि पातळ हात दे. दिसायला पांढरं दिसलं की झालं, कारभाऱ्यांना त्यातलं ओ का ठो कळत नाही. वारा फिरला की ओल्या फडक्यानं पुसून घेऊ, आतला पीअर्स जसाच्या तसा. बाबांचे रंग मीसुद्धा कुटलेत, तेव्हा मोठी बहीण म्हणून नव्हे, कारागीर म्हणून सांगते. तू नेहमीसारखा शहाणपणा करून माझं ऐकायचं सोडू नकोस.

आईला सांग की लेक झोपलाय, पांघरूण घातलंय. तिला ते चालेल.

जेवणाखाण्याची आबाळ करू नकोस. आशीर्वाद पाठीशी आहेतच.
थॉमसिन

थॉर्नवेल, मार्च १५४९

प्रिय ताईस,
गिल्बर्टचा स. न. वि. वि.

इतके दिवस पत्र नाही म्हणून रागावली असशील. कसं लिहावं तेच कळत नव्हतं.

तू सांगितलंस तसाच हात दिला होता. पण यंदाच्या हिवाळ्यात भिंतीला ओल धरली, खडू ओघळला, आणि एका रविवारी प्रार्थना चालू असताना पीअर्स आपला आपणच बाहेर आला. आधी कपाळ, मग डोळे. आई उठून उभी राहिली. लोक चमत्कार म्हणू लागले, कुणी मेणबत्ती लावली, शेजारच्या गावांतून माणसं येऊन गुडघे टेकू लागली. मी दाट चुन्याची बादली घेऊन धावलो, पण आईनं वाट अडवली. दोनच दिवस बघू दे म्हणाली. मी बघू दिलं.

तेवढ्यात तपासनीस आले. चित्र झाकलेलं असतं तर ते पुढे निघून गेले असते. पण लोक पाया पडतात हे पाहिल्यावर नुसतं झाकून भागेना. तोंड भिंतीतूनच काढा, म्हणाले. कुणी झाकलं होतं असं विचारलं, मी पुढे झालो, तर छिन्नीही माझ्याच हातात दिली. नाही म्हटलं असतं तर तुरुंग होता. ताई, मी नाही म्हटलं नाही. डोळे आधी फोडले, म्हणजे ते माझ्याकडे बघणार नाहीत.

आई मागे उभी होती. घरी आल्यावर तिनं मला पेज दिली आणि तुझ्याकडे येऊन राहते म्हणाली. गाडीवानाबरोबर पाठवतोय. भिंतीबद्दल मला एक शब्दही बोलली नाही, बोलली असती तर बरं झालं असतं.

माझ्यावर लोभ ठेव असं आज कुठल्या तोंडानं लिहू?
गिल्बर्ट

थॉर्नवेल, ऑक्टोबर १५५३

प्रिय ताईस,
गिल्बर्टचा स. न. वि. वि.

राजा गेल्याचं तिकडे कळलंच असेल. पुरता सोळाचाही नव्हता, वाईट वाटलं. आता त्याची बहीण गादीवर आहे आणि जुनं सगळं परत आलंय. परवा स्टॅनफोल्डच्या चर्चमध्ये गेलो होतो. तिथल्या रंगाऱ्यानं तेव्हा इमानानं दाट चुना फासला होता. लाकडी पट्टीनं खरवडला तर खपल्या निघाल्या आणि खालचे संत अगदी ताजे, गालावरची लालीसुद्धा. चुन्यानं त्यांना सांभाळलं. ताई, आपण दोघं रंगाऱ्याची पोरं, आणि आपल्यालाच हे माहीत नव्हतं. तुला दोष देत नाही. तू सांगितलंस ते मायेनं, मी केलं तेही मायेनं.

नवे पाद्री म्हणतात की भोक बुजवून ख्रिस्तोफर पुन्हा काढ. भिंत तयार केली, पाणी काढलं, बाळही काढलं. चेहऱ्यापाशी हात अडलाय. पीअर्सचं नाक कसं होतं ग? आईला विचारून लिही. तिला तिचा लेक परत द्यावा आणि घरी बोलवावं, एवढंच मनात आहे.

उत्तराकडे डोळे लावून बसलोय.
गिल्बर्ट

नॉर्विच, नोव्हेंबर १५५३

चि. गिल्बर्टास,
थॉमसिनचे अनेक आशीर्वाद.

चुन्याचं वाचून दोन दिवस जेवण गेलं नाही. शहाणपणा मीच केला होता.

नाक आठवायला बसले तर आठवतं ते बाबांनी काढलेलंच. खरा पीअर्स माझ्याकडूनही गेलाय रे. मग तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. ती सूत कातत होती, तिनं हातातलं काम बाजूला ठेवलं. मग म्हणाली, गिल्याला लिही, कुणाचंही तोंड काढ, माझ्या लेकाचं काढू नकोस. ही राणी आहे तोवर ठीक, उद्या आणखी कुणी येईल, परत हुकूम निघेल, आणि छिन्नी परत माझ्या गिल्याच्याच हातात देतील. पीअर्सला मी दोनदा पुरलं, ते सोसलं. पण त्या दिवशी छिन्नी मारताना गिल्या लहान पोरासारखा रडत होता आणि मला त्याला जवळ घेता आलं नाही. त्याच्या समोर राहिले असते तर माझं तोंड बघून तो रोज रडला असता, म्हणून इथे आले.

ती तुझ्यावर रागावली आहे असं तुला इतकी वर्षं वाटत होतं, आणि मलाही. दोघांपैकी एकानंही तिला विचारलं नाही.

पुढच्या गाडीनं तिला पाठवते. चूल पेटवून ठेव.
थॉमसिन