घरातली पेशंट

ती. आई,
साष्टांग नमस्कार, आणि तुझ्या दुखऱ्या गुडघ्यांना वेगळा नमस्कार.

अगं, आज क्लासमध्ये काय धमाल झाली! इंग्रजीच्या परीक्षेसाठी सध्या मी शब्दपाठांतराचा सपाटा लावलाय. आरशावर, फ्रिजवर, चहाच्या डब्यावर, जिकडे तिकडे चिठ्ठ्या! पास झाले की इथे परदेशातही मला नर्स म्हणून घेतील. तोवर वॉर्डात चादरी बदलते. काम हलकं आहे, पाठ क्वचितच धरते.

आज तोंडी सराव होता. बाईंनी इंग्रजीत विचारलं, "तुमच्या घरात सगळ्यात पेशंट कोण?"

मी ठणकावून सांगितलं, "माझी आई! गुडघे, बीपी, शुगर, सगळं आहे तिला!"

बाई हसून हसून बेजार. मग त्यांनी समजावलं, की धीर धरणाऱ्या, सोशीक माणसालाही इंग्रजीत पेशंटच म्हणतात. घ्या! आयुष्यभर पेशंटांत वावरले आणि हे मला आज कळतंय.

मी क्षणभर विचार केला आणि म्हटलं, "बाई, तरी उत्तर तेच."

बाईंनी हसू आवरून पेन उचललं. मग म्हणाल्या, "पूर्ण मार्क!"

गोळ्या वेळेवर घेतेस ना? दादा फोन का उचलत नाही? बाबांशी पुन्हा वाजलं की काय?

आई, पहिल्या अर्थाची पेशंट राहणं आता बंद कर. दुसऱ्या अर्थाची मात्र अजून थोडे दिवस राहा. पास झाले की पहिल्या सुट्टीत येतेच.

दोन्ही अर्थांनी पेशंट नसलेली,
तुझी लेक