मंगळवारी सात ते आठ रसायनशास्त्र

लाउथ,
रविवार, २२ जून

ती. लॉर्नाताईस,

क्लाइव्हचा नमस्कार. तुझा नवा गुडघा कसा आहे? जुन्यापेक्षा सरळ वागतो, की त्यालाही हळूहळू तुझ्यासारखी प्रत्येक गोष्टीवर मतं फुटू लागली आहेत? कोंबड्या अंडी देत असतील, वेल्समध्ये पाऊस पडत असेल आणि शेजारचा तो पाद्री अजून तुझ्याशी बोलत नसेल, असं धरून चालतो. इकडे मी, जिलियन आणि लेक, आम्ही तिघंही ठीक आहोत. तुझं मार्चातलं पत्र मिळालं होतं. उत्तराला तीन महिने लागले, कारण माझा अभ्यास चालू होता. (माझाच. खुलासा खाली येतोय, तोवर चहा ठेव.)

इमी सप्टेंबरात सिक्स्थ फॉर्मला गेली हे तुला ठाऊक आहे. तुझ्या-माझ्या वेळेपासून त्यात काही फारसं बदललेलं नाही: शाळेची शेवटची दोन वर्षं, बाकीचे विषय सोडून तीनच धरायचे, अंगावरचा गणवेश जातो आणि त्याच्याबरोबर तोंडातला आवाजही जातो. इमीने इतिहास, इंग्रजी आणि रसायनशास्त्र घेतलं. रसायनशास्त्र ऐकून मला काय वाटलं असेल ते तुला सांगायला नको. मी त्याच विषयात पहिल्याच वर्षी आपटलो आणि शाळा सोडून पुढे लोकांना गाडी शिकवायला लागलो, हे तुझ्या लक्षात असेलच. मी विसरेन या काळजीने तू दर ख्रिसमसला भाजलेल्या बटाट्यांबरोबर ते मला वाढतेस.

तर सप्टेंबराच्या तिसऱ्या आठवड्यात शाळेने सगळ्या पालकांना सभागृहात बसवून या वर्षी मुलांना आधार कसा द्यायचा ते सांगितलं आणि एकेक पत्रक दिलं. पहिलंच वाक्य होतं, ‘रस दाखवा, पण ढवळाढवळ करू नका.’ आता ज्या माणसाच्या पायाखाली बावीस वर्षं शिकवणाऱ्याचा जादा ब्रेक आहे, त्याला ढवळाढवळ करू नका म्हणणं म्हणजे तुला मत देऊ नकोस म्हणण्यासारखं आहे. पण खाली आणखी एक सूचना होती: आठवड्यातून एकदा मुलाला शिक्षक होऊ द्या, आठवडाभरात जे शिकलं ते त्याने तुम्हाला शिकवावं. जिलियनने ते वाचून पत्रक घडी करून पर्समध्ये टाकलं. मी माझं फ्रिजवर लावलं, टिपणं लिहायला पुठ्ठ्याची साडेतीनशे कार्डं आणली, पाठ्यपुस्तक आणलं आणि मंगळवारी सात ते आठ स्वयंपाकघराचं टेबल रसायनशास्त्रासाठी राखून ठेवलं.

खरं सांगतो ताई, मला रसायनशास्त्राचं एवढं काही पडलेलं नव्हतं. सतरा वर्षांची मुलगी घरात कशी राहते हे तुला माहीत नाही. ती वरच्या मजल्यावर भाडेकरूसारखी असते. जेवायला ये म्हटलं की ‘हं’, कसा गेला दिवस म्हटलं की ‘बरा’, आणि कुठे चाललीस म्हटलं की दाराचा आवाज. पण मंगळवारी सातला इमी खाली येऊन माझ्यासमोर बसायची आणि पूर्ण वाक्यं बोलायची. ‘बाबा, इलेक्ट्रॉन कुठे गेला ते विचारतेय मी, तुम्हाला काय वाटतं ते नाही विचारत.’ असं ती मला खडसावायची आणि मी बिस्किटं पुढे सरकवायचो. माझ्या आठवड्यात तो एक तास होता. बाकी सगळा रिव्हर्स पार्किंग.

ऑक्टोबरानंतर काही गोष्टी मला थोड्या विचित्र वाटल्या, हे कबूल करतो. तिच्या खोलीतून छताला हादरे देत घरघर ऐकू यायची. पुस्तकात द्रव वेगळे करायला गरगर फिरवायच्या यंत्राचं चित्र होतं, तेच शाळेने घरी दिलं असेल असं मी धरलं आणि शाळेच्या उदारपणाचं चारचौघांत कौतुक केलं. (ते शिवणयंत्र होतं.) मग जिन्याखाली एक बिनडोक्याचा, बिनहाताचा बाईचा पुतळा येऊन उभा राहिला. हे काय म्हणून विचारलं तर इमी म्हणाली, ‘नायलॉन.’ नायलॉन हे पॉलिमर, सातवं प्रकरण. मी समाधानाने पुतळ्यावर कोट टांगला. फेब्रुवारीत तिने आंघोळीच्या टबात नीळ भिजवली. कापड बाहेर काढलं तेव्हा पिवळट हिरवं, आणि हवा लागली तसं डोळ्यांदेखत निळं. मी दारात उभा राहून जिलियनला ऑक्सिडेशन समजावून सांगितलं, चांगली वीस मिनिटं. जिलियन खिडकीबाहेर बघत राहिली. मग कापड पिळायला मदत केली, तेव्हा पुढचे आठ दिवस माझे हात मनगटापर्यंत निळे होते आणि एक विद्यार्थी, मला हृदयविकार आहे असं धरून, कधी नव्हे तो ब्रेक हळू दाबत होता.

आणि पालकसभा. ती जानेवारीत झाली. प्रत्येक शिक्षकाशी पाच मिनिटं, वेळ आधी संगणकावर ठरवायची. संगणकाने आम्हाला इतिहास दिला, इंग्रजी दिलं आणि तिसरी वेळ वस्त्रकलेच्या मिस डंकलींची दिली. संगणक चुकला हे उघडच होतं, त्याचं कामच ते. जिलियन म्हणाली, ‘मी जाते बापडी डंकलींकडे, उगाच त्या वाट बघत बसायच्या.’ मी मात्र रसायनशास्त्राच्या थर्स्बी सरांसमोरच्या रांगेत उभा राहिलो. आता रांगेत रीतसर उभं राहून पुढे पोचलेल्या माणसाला ‘तुम्ही इथले नाही’ असं सांगणं या देशात अजून कुणाला जमलेलं नाही. मी इमोजेनचा, म्हणजे आपल्या इमीचा, बाप म्हणून ओळख दिली. सरांनी यादी पाहिली, उलटी करून पाहिली, माझ्याकडे पाहिलं, माझ्या मांडीवरच्या साडेतीनशे कार्डांकडे पाहिलं.

‘इमोजेनबद्दल माझी काहीही तक्रार नाही,’ ते म्हणाले.

‘वर्गात बोलते का?’

‘अजिबात त्रास नाही तिचा. आहे की नाही तेसुद्धा कळत नाही.’

‘आणखी काय सुधारायला हवं?’

‘हजेरी,’ सर जरा विचार करून म्हणाले. माझा चेहरा पडला असावा, कारण त्यांनी घाईघाईने ‘बी’ श्रेणी देऊन टाकली. मी हात पुढे केला. त्यांनी तो दोन्ही हातांनी दाबला, मयताला आलेल्या माणसासारखा. मी घरी येऊन इमीला हजेरीवरून बोललो. ती खाली मान घालून म्हणाली, ‘पुढच्या वेळेपासून बघते, बाबा.’

गेल्या गुरुवारपर्यंत हे असं चाललं होतं. गुरुवारी मिसेस ब्लेन्किनचा तास होता. त्या एकाहत्तर वर्षांच्या आहेत, यजमान गेल्यावर गाडी शिकायला आल्या, सहा परीक्षा झाल्या आणि सातवीची तारीख मिळाली आहे. मोठ्या चौकात गाडी घालताना त्या म्हणाल्या, ‘मिस्टर हॅलम, इमोजेनचा कोट मी दोनदा बघून आले. शाळेतलं प्रदर्शन उद्या संपतंय, तुम्ही कितीदा गेलात?’ मी विचारलं, कुठला कोट? त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चौकात चालकाने शेजारी पाहू नये, पण त्यांनी पाहिलं, आणि मग त्यांना कळलं की आपण काय बोलून बसलो, आणि गाडी बंद पडली. मागे सात गाड्या थांबल्या. एकानेही भोंगा वाजवला नाही. मिसेस ब्लेन्किन स्टिअरिंगला म्हणाल्या, ‘सगळ्या गावाला ठाऊक आहे हो. तुम्ही इतके खूष होता, सांगायचं कुणी?’

म्हणजे इमीने ऑक्टोबरातच रसायनशास्त्र सोडून वस्त्रकला घेतली होती. पहिल्या सहा आठवड्यांत विषय बदलता येतो, एका पालकाची सही लागते. माझी सही नव्हती, तेव्हा ती कुणाची असेल ते तुझ्या नव्या गुडघ्यालासुद्धा कळेल. आणि तरीही पोरगी दर मंगळवारी खाली येत होती. रसायनशास्त्राच्या वर्गातल्या मेव्हच्या वह्या मागून आणायची, सोमवारी बसून पाठ करायची आणि मंगळवारी मला शिकवायची. (अक्षर मेव्हचं होतं हे मला दिसत होतं. मी म्हटलं, सिक्स्थ फॉर्ममध्ये अक्षर सुधारतं.) मेमध्ये मी घरीच तिची परीक्षा घेतली. न घेतलेल्या विषयात तिला एकाहत्तर टक्के पडले. तिने माझी घेतली, मला अडतीस. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हे.

मिसेस ब्लेन्किननी गाडी शाळेच्या आवारात नेली (पार्किंग पहिल्यांदाच उत्तम केलं). सभागृहात मधोमध तो कोट होता, जिन्याखालच्याच बाईच्या अंगात. लांब, निळा, घोट्यापर्यंत, आणि कॉलरपासून खालपर्यंत माझी कार्डं. माझं अक्षर, जसंच्या तसं, पांढऱ्या रंगात कापडावर छापलेलं. ‘आम्ल’, ‘आम्लारी’, ‘इमी, हे परीक्षेत नक्की येणार’, ‘चहा निवतोय’. पोटॅशियमची खूण मी सगळीकडे P लिहिली आहे, ती K असते. तिने मला हे निदान दहा वेळा सांगितलं होतं आणि कोटावर मात्र चौदा ठिकाणी माझीच चूक ठेवली होती, एक तर ऐन छातीवर. खाली छोटी पाटी: ‘मंगळवार. सुती कापड, नीळ, वडिलांचं अक्षर.’

मी तो कॉलरपासून घोट्यापर्यंत दोनदा वाचून काढला. मिसेस ब्लेन्किननी मला रुमाल दिला आणि स्वतः एका टोपीकडे बघत राहिल्या. मला रडू आलं, ताई. तू हसशील म्हणून लिहिणार नव्हतो, पण आलं.

घरी येऊन मी काहीही बोललो नाही. बोलणार काय? मला कळलं असं म्हटलं, तर नऊ महिने त्यांनी माझी भीड राखली ती फुकट गेली. थर्स्बी सरांना तोंड कसं दाखवायचं? आणि मुख्य म्हणजे, विषय नाही तर मंगळवार कशाला? ती ‘हं’ म्हणून वर जाईल आणि पुढच्या वर्षी विद्यापीठात. तेव्हा सध्या आमच्या घरात अळीमिळी गुपचिळी चालू आहे. त्यांना माहीत आहे ते मला माहीत नाही असं त्यांना वाटतं, आणि आम्ही तिघंही एकमेकांना भाजी वाढतो.

बाकी सर्व क्षेम. गुडघ्याला जप, पाद्र्याशी समेट कर. जिलियनने आठवण सांगितली आहे. तुझा, अडतीस टक्क्यांचा भाऊ,

क्लाइव्ह

ता. क. पत्र लिहायचं खरं कारण राहिलंच. आपल्या घराण्यात तोंडावर बोलणारी तू एकटी. तेव्हा तू इमीला फोन करून सांगशील का, की बाबांना कळलंय, ते रागावलेले नाहीत, उलट छाती फुगवून फिरताहेत (P असलेल्या बाजूची)? फक्त हे मी सांगितलं असं सांगू नकोस. माझ्या पत्राच्या सुरावरून तूच ताडलंस म्हण. आत्यांना ताडायची मुभा असते.

ता. क. (सोमवार) पाकीट अजून टाकलेलं नाही. आज सकाळी टोस्टला लोणी लावता लावता जिलियन म्हणाली, ‘शाळेतल्या अभिप्रायाच्या वहीत कुणीतरी फार छान लिहून गेलंय म्हणे.’ मी म्हटलं, असं? कोण? ‘नाव नाही. “असा कोट मी जन्मात पाहिला नाही. एक अनोळखी प्रेक्षक,” एवढंच. इमीने शुक्रवारीच पाहिलं.’ मग तिने लोणी संपूर्ण कडेपर्यंत पसरवलं आणि म्हणाली, ‘गंमत म्हणजे त्या अनोळखी माणसाचं अक्षर आणि कोटावरचं अक्षर अगदी एक आहे.’ हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. म्हणजे इमीला शुक्रवारपासून माहीत आहे. शनिवारी तिने मला ‘हं’ म्हटलं होतं, त्या ‘हं’चा मी आता दिवसभर विचार करतोय. उद्या मंगळवार. ती खाली येईल असं मला वाटत नाही. यायला आता कारणच राहिलं नाही.

ता. क. (मंगळवार, सव्वाआठ) फोन करू नकोस. सात वाजता मी टेबल पुसून ठेवलं, ते असंच, पुसायला झालं होतं म्हणून. सात वाजून चार मिनिटांनी ती आली. समोर बसली, काखेतून जाडजूड वह्यांचा गठ्ठा काढून ठेवला. मेव्हच्या थोरल्या भावाच्या, दुसऱ्या वर्षाच्या. माझ्याकडे न बघता बिस्किटाचा डबा स्वतःकडे ओढला आणि म्हणाली, ‘पुढच्या वर्षी सेंद्रिय रसायन आहे, बाबा. अवघड असतं म्हणतात. मी तर घेतलेलं नाही, पण तुम्हाला मध्येच सोडता येणार नाही.’