कल्याणहून परत आलेलं रोप

बाबा, थंडी पडली की अजूनही मला तुमचा रागच येतो. डोंबिवलीच्या आपल्या गॅलरीत डिसेंबरात तेलाचे कापलेले डबे, दुधाच्या पिशव्या, आइस्क्रीमचे खोके मांडलेले असायचे. त्यात टोमॅटो, मिरची, झेंडू. पिशव्या धुवायची आई, त्यांना भोकं पाडायची आई, उन्हाप्रमाणे डबे सरकवायची आई. रोपं वीतभर झाली की ती घेऊन बिल्डिंगभर फिरायचे मात्र तुम्ही. रोपाबरोबर टाकाऊतून टिकाऊवर भाषण, आणि समोरचा "तुमच्या हाताला गुण आहे हो" म्हणेपर्यंत तुमचा पाय दारातून हलायचा नाही.

एका वर्षी आईनं तुम्हाला न विचारता टोमॅटोचं एक रोप मावशीला दिलं. संध्याकाळी तुमच्या लक्षात आलं. "रोप कुणाला द्यायचं ते मी ठरवतो," म्हणालात आणि चपला घालून निघालात. कल्याणला जाऊन मावशीच्या खिडकीतून ते उचलून आणलंत. तुम्ही दारात उभे आहात, हातात फाटकी पिशवी, मुळं उघडी पडलेली, चेहऱ्यावर लढाई जिंकल्याचा भाव. आई पोळ्या लाटतेय. ती मान वर करत नाही. इतक्या कोत्या मनाचा माणूस मी नंतर पाहिला नाही.

पुढच्या थंडीत आईनं एकही पिशवी धुतली नाही. तुम्ही न धुतलेल्याच भरल्यात, भोकं पाडायचं तुम्हाला सुचलंही नाही. गॅलरीत आंबट वास सुटला, कोंब माना टाकून पडले. "बियाणंच फसवं निघालं," असं बिल्डिंगमध्ये सांगत फिरलात. आईनं ते ऐकलं आणि कुकर लावायला आत गेली.

आता नौपाड्यात माझ्या खिडकीच्या ग्रिलमध्ये दह्याचे डबे आहेत. परवा शेजारीण रोप न्यायला आली. "काय छान आलीत गं. कोणी शिकवलं?" "आईनं" असं सांगायला मी तोंड उघडलं आणि "बाबांनी" म्हणून बसले. ते अगदीच खोटं नाही. टोमॅटोचं बी नखाएवढ्याच मातीखाली पेरायचं, हे माझं बोट धरून तुम्हीच दाखवलं होतंत, आणि त्या दिवशी बघायला दुसरं कोणी नव्हतं. हे पत्र तुम्हाला पाठवता आलं असतं तरी पाठवलं नसतं. त्यातलं बोट धरून दाखवल्याचं तेवढंच वाक्य तुम्ही बिल्डिंगभर वाचून दाखवलं असतंत.