राखेखालचे रोडगे

बाबा,

यंदा रोडग्यांचा आर मी शेवटपर्यंत झाकलेला ठेवला. तोही नेपाळात, पुराने वेढलेल्या एका शाळेच्या अंगणात. तुम्ही असतात तर विश्वास ठेवला नसता.

पातूरजवळच्या मळ्यात तुम्ही नवसाच्या जेवणाचे रोडगे भाजत होतात, ते मला आठवते. पेटत्या गोवऱ्यांचा आर पसरायचा, कणकेचे गोळे त्यात पुरायचे, वर राख ओढायची आणि बिडी पेटवून खुशाल लांब बसायचे, ही तुमची रीत. मी मात्र चिमटा घेऊन सारखा उकरतो आहे, एखादा फोडून बघतो आहे. "काहून उकरून राहिला बे? कोंबडी हायेस का?" तुम्ही म्हणता आणि पंगतीतली माणसे हसतात. "धग बाहेर गेली का आत कच्चंच राह्यते. त्याले त्याचं काम करू दे." त्या दिवशी माझ्या बाजूचे रोडगे कच्चे निघाले. तुम्ही दुसरा आर पेटवलात. तेव्हापासून दुसऱ्या आराच्या गोवऱ्या आधीच बाजूला काढून ठेवायची मला सवय लागली.

आता मी यात्रेच्या बसबरोबर आचारी म्हणून जातो. बस अकोल्याच्या जठारपेठेतून निघते. पशुपतिनाथ करून परतताना, सीमा येण्याआधीच, नदीने रस्ता कापला. भांडी आणि गॅस असलेली आमची गाडी मागे पलीकडे अडकली. बसमध्ये कणकेची पोती, तूप, मीठ आणि माझ्या पिशवीत तुमचा चिमटा, एवढेच. उंचावरच्या ज्या शाळेत आम्ही शिरलो, तिथे आसपासचे गाव आधीच येऊन बसले होते, मुलाबाळांसह, आदल्या दिवसापासून उपाशी.

"हे पीठ आपल्या लोकाईचं हाय," आमचा व्यवस्थापक म्हणाला. "उद्या त्याईले पुरलं नाही त शिव्या मलेच."

अशा वेळी माझा आवाज फुटत नाही, तुम्हाला माहीत आहे. पण मी म्हणालो, "पंगत एकच बसन, भाऊ. नाही त मी कणकेले हात लावत नाही."

तो काही बोलायच्या आत आमच्या बसमधल्या चांदूर रेल्वेच्या एक मावशी पदर खोचून उठल्या. "घरी सुना रांधतात, अन् देवाले आली त इथं मलेच जुंपलं," म्हणत त्यांनी धुतलेल्या बाकांवर कणीक मळायला घेतली.

कोरडे जळण कोणाकडेच नव्हते. गावातल्या एका बाईने मात्र घर सोडताना पेटी तिथेच टाकून गोवऱ्या प्लास्टिकमध्ये बांधून आणल्या होत्या. तिने त्या माझ्यासमोर ओतल्या. "भैया, सब यही है. बिगाड़ना मत." एकच आर होणार होता. तो वाया गेला तर शाळेत कोणालाच काही मिळणार नव्हते.

मी रोडगे पुरले, राख ओढली आणि लांब जाऊन बसलो. मुले भोवती जमली. व्यवस्थापक येरझारा घालत होता. "पाहून त घे एखादा."

"त्याले त्याचं काम करू द्या," मी म्हणालो.

वास बदलला तेव्हा राख सारली. पहिला रोडगा त्या बाईनेच फोडला. आतून वाफ निघाली, कणकेचे पदर सुटे झाले. तिने तो नाकाशी नेला आणि शेजारच्या म्हातारीच्या हातावर ठेवला. पंगत एकच बसली. तूप व्यवस्थापकाने वाढले. दुसऱ्या दिवशी होडीतून तांदूळ आला, तोवर आम्हीही गावाइतकेच उपाशी होतो. शिवी फक्त मावशींनी दिली, तीही नदीला.

हे पत्र टपालात पडणार नाही. घडी घालून चिमट्याजवळ ठेवीन. बसमधली माणसे अकोल्यात सांगतात, पोरगा विस्तवासमोर ढिम्म बसला होता. तुम्हाला खरे सांगतो. राख ओढल्याबरोबर मी चिमटा त्या बाईच्या हाती दिला होता आणि म्हटले होते, माँगूँ तो भी मत देना.

मी दोनदा मागितला, बाबा. तिने दिला नाही.